सावलीचं देणं

जंगलाविषयी मला जे काही कळतं ते दोन माणसांमुळे. एक माझी आई. तिचं सगळं आयुष्य निपाणीजवळच्या आमच्या तंबाखूच्या शेतात गेलं. दाट जंगल तिने कधी पाहिलंच नाही. दुसरे खानापूर तालुक्यात, भीमगडच्या बाजूला रोजंदारीवर वॉचर म्हणून राबलेले एक गृहस्थ. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. तुमच्याविषयी लिहू का, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “झाडांचं लिही. माझं नाव नको.” म्हणून नाव लिहीत नाही. पण पुढे जे सांगणार आहे त्यात माझं स्वतःचं असं फार थोडं आहे, हे आधीच सांगायला हवं.

१९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या काही वर्षं आधी माझा जन्म झाला. शेतकरी निपाणीत हमरस्त्यावर बसले, शरद जोशींची भाषणं झाली, गोळीबारात १२ शेतकरी गेले, हे सगळं मी नंतर मोठ्यांच्या तोंडून ऐकलं. आमच्या घरात पीक म्हणजे तंबाखू. बांधावर एखादी बाभूळ, एखादा कडुनिंब आणि पलीकडे तवंदीच्या बाजूचे उघडे डोंगर, एवढंच माझं रान. जंगल मी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

तंबाखूच्या शेतात एक तण उगवतं, त्याला आमच्याकडे बंबाखू म्हणतात. त्याला हिरवं पान नसतं. जमिनीखाली ते तंबाखूच्या मुळाला चिकटतं, त्याच्यावरच जगतं आणि मग फिकट दांडा घेऊन झाडाच्या बुडाशी वर येतं. दांडा दिसतो तोवर मुळाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक. एका झाडाचं बी हजारोंनी पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. दिवाळीच्या पुढेमागे आई आम्हा भावंडांना ओळीओळीतून चालवायची. दांडा दिसला की उपटायचा, टोपलीत टाकायचा, बांधावर टाकायचा नाही, घरी नेऊन जाळायचा. “फूल यायच्या आत,” एवढंच ती म्हणायची. एखाद्या ओळीत चुकून राहिलेला दांडा फुललेला दिसला की तिचा चेहरा उतरायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच ओळीत पुन्हा वाकावं लागायचं. लहानपणी मला या कामाचा कंटाळा यायचा. आईने हातात काय दिलं होतं ते कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

डॉक्टरकीला मार्क पुरले नाहीत म्हणून बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. आमच्या सरांनी ग्रंथालयातून थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढून समोर ठेवला. १९०१ ते १९०८ या काळात तो प्रसिद्ध झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. रिची नावाच्या संग्राहकाने इथे गोळा केलेल्या वनस्पतींच्या नोंदी त्यात जागोजागी आहेत. ‘बेळगाव, रिची’ अशी दोनच शब्दांची नोंद, आणि अशा कितीतरी. सर म्हणाले, “आज जे दिसतं ते आधी इथे होतं का, हे विचारायची सवय लाव.” सरांचंही ऋण मोठं आहे. पण त्यांच्या प्रश्नाचं वजन मला तेव्हा पेललं नाही. मी वनस्पतींची नावं पाठ करत राहिले.

जंगलात पहिल्यांदा गेले ती कॉलेजच्या सहलीबरोबर, जानेवारीत. जांबोटी मागे टाकली तसा प्रदेश बदलत गेला. आमच्या निपाणीला पावसासाठी आभाळाकडे डोळे लावावे लागतात, आणि त्याच जिल्ह्यात कणकुंबी, आमगाव अशी गावं आहेत की जिथे पावसाळ्यात माणसं आठ-आठ दिवस ऊन पाहत नाहीत. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला जाते, म्हादई भीमगडच्या रानात उगम पावून पश्चिमेला गोव्यात उतरते. हे नकाशात पाठ केलेलं होतं. प्रत्यक्षात झाडं एवढी उंच असतात आणि त्यांच्या खाली दुपारीही संध्याकाळ असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या-जांभळट फुलांनी भरलेली झुडपं होती. पुरुषभर उंचीची, एकमेकांत गुंतलेली, आणि त्यांच्यावर निळसर ठिपक्यांची फुलपाखरं शेकड्यांनी बसलेली. मी थांबले. असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेल्या वॉचरना मी म्हटलं, “मामा, केवढं सुंदर जंगल आहे तुमचं.”

ते माझ्याकडे बघून हसले नाहीत की रागावलेही नाहीत. उकिडवे बसले, हाताने फांद्या वर धरल्या आणि म्हणाले, “पाखरं बघितलीस. आता खाली बघ.”

खाली काही नव्हतं. सुकलेल्या काटक्या आणि मोकळी माती. गवत नाही, एक रोप नाही. मग त्यांनी मला वाटेवरून आत नेलं, वीस-पंचवीस पावलं असतील. तिथे उजेड एकदम कमी झाला. अंजनी, पारजांभूळ, जांभूळ, मध्येच एखाद्या झाडावर चढलेली मांडीएवढी जाड गारंबीची वेल. पायाखाली मात्र जागा रिकामी नव्हती: वीतभर, हातभर उंचीची रोपं, सगळी त्याच झाडांची पोरं. पांढऱ्या फुलांचं झुडूप एकही नव्हतं.

“इथं का नाही आलं ते?” मी विचारलं.

“उजेड न्हाई,” मामा म्हणाले.

मी ते वहीत उतरून घेतलं. झुडपाचं नावही लिहून घेतलं: रानमोडी. परत आल्यावर त्याचं शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा, हे शोधून काढलं आणि परीक्षेत लिहिलं. ‘उजेड न्हाई’ हे दोन शब्द वहीतच राहिले.

पुढे शिकत गेले तशी या झाडांची कुळकथा कळली. रानमोडी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. घाणेरीही तिकडचीच. शोभेचं झाड म्हणून ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, बंगल्यांच्या कुंपणाला लागली आणि तिथून पक्ष्यांच्या पोटातून रानोमाळ गेली. बुलबुल तिची काळी फळं खातो आणि बी दूर नेऊन टाकतो. रानमोडीला पक्ष्याचीही गरज नाही. तिचं बी केसाळ आणि हलकं, वाऱ्यावर जातं. काँग्रेस गवताची नोंद भारतात पहिल्यांदा झाली ती पुण्यात, १९५५ च्या आसपास. ते प्रामुख्याने माळावरचं आणि रस्त्याकडेचं. जंगलाला खरा उपद्रव पहिल्या दोघींचा. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जीवजातींची जी यादी जागतिक पातळीवर मानली जाते तिच्यात घाणेरी आणि रानमोडी दोन्ही आहेत, आणि ज्याची रोपं आपण हौसेने वाटली ते सुबाभूळही आहे. आपल्या देशात वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पोचली आहे.

हे सगळं मी वर्गात शिकवू लागले. बेळगाव परिसरातल्याच एका कॉलेजात नोकरी लागली होती. माहिती माझ्याकडे भरपूर होती. पण ही झाडं शिरतात कुठून आणि थांबतात कुठे, हे मला कळलेलं नव्हतं, आणि कळलेलं नाही याची जाणीवही नव्हती.

ती जाणीव झाली एका शिबिरामुळे. जंगलाच्या कडेला एका गावाजवळ एक तुकडा होता. पूर्वी तिथली मोठी झाडं तुटली होती, मग वणवा गेला होता आणि नंतर सगळीकडे घाणेरी माजली होती. मुलांना घेऊन आम्ही ती काढायला गेलो. आईच्या शिस्तीत वाढलेली मी; कुदळ घेऊन मुळासकट काढायची, एकही बुंधा ठेवायचा नाही. मुलांनी जीव तोडून काम केलं. संध्याकाळी तो तुकडा अंगणासारखा स्वच्छ दिसत होता. आम्ही सगळ्यांनी समाधानाने त्याच्याकडे पाहिलं.

मामा तेव्हा त्याच बीटवर होते. ते येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षी पाऊस संपताना मी पुन्हा गेले तर तिथे घाणेरी जवळजवळ नव्हती. तिच्या जागी रानमोडी होती, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, एवढी दाट की आत हात घालता येत नव्हता. मी तिथेच उभी राहिले. मुलांना काय सांगायचं ते सुचेना. मामा मागे येऊन उभे होते. म्हणाले, “बाई, वर बघा.” मी शिक्षिका झाल्यावर त्यांनी मला एकेरी हाक मारणं सोडलं होतं, आणि ते मला कधीच आवडलं नव्हतं.

मी वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

त्या दिवशी त्यांनी मला दिवसभर फिरवलं. जुन्या रानाच्या कडेकडेने, पडलेल्या एका प्रचंड झाडाच्या जागी, विजेच्या तारांसाठी तोडलेल्या पट्ट्याखालून, सातेरीच्या देवराईच्या मागच्या अंगाने. ते फार थोडं बोलत. एखाद्या जागी थांबत, वर बघत, खाली बघत, पुढे जात. हळूहळू मी पण तसंच करू लागले. जिथे वर छत्र धरलेलं होतं तिथे खाली रानमोडी नव्हती, मग ती जागा रस्त्यापासून चार पावलांवर असो नाहीतर चारशे. जिथे वरचं छत्र फुटलेलं होतं तिथे ती होती, मग ती जागा कितीही आत असो. देवराईच्या तीन बाजू शाबूत होत्या. चौथ्या बाजूला रस्ता रुंद केला होता आणि त्या एका बाजूने रानमोडी आत सरकत होती. जिथवर ऊन पोचत होतं बरोबर तिथवर. पुस्तकात याला ‘प्रकाशप्रिय जाती’ असा शब्द आहे. मी तो वर्षानुवर्षं शिकवला होता.

मला जे समजलं ते असं: ही झाडं जुन्या रानाची भिंत फोडून आत येत नाहीत. आपण कुऱ्हाडीने, रस्त्याने, वणव्याने जिथे उजेड पाडतो तिथे ती येतात, आणि एकदा आली की उजेडाची ती जागा मिटू देत नाहीत. खाली रोप वाढू देत नाहीत म्हणून वर सावली तयार होत नाही, आणि सावली नाही म्हणून त्यांचं राज्य संपत नाही. त्यात उन्हाळ्यात रानमोडीचे दांडे वाळून सरपणासारखे होतात. ठिणगी पडली की भडकतात. कडेची झाडं होरपळून मरतात, छत्र आणखी मागे हटतं, आणि पाऊस पडला की रानमोडी स्वतःच्या बुडख्यातून पुन्हा फुटते. वर्षाला हात-दोन हात, असं जुनं रान आक्रसत जातं. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण लांबून सगळं हिरवंच दिसतं.

आईने मला उपटायला शिकवलं होतं. शेतात तेवढं पुरतं, कारण तिथे तण काढल्यावर वाढायला पीक उभं असतं. जंगलात उपटून झाल्यावर मागे काय उभं आहे, हे बघायचं असतं.

कसं करायचं ते मामांनी पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत दाखवलं. रानमोडी आषाढ-श्रावणात काढायची. माती सैल असते, हाताने मुळासकट येते, फुलायला अजून वेळ असतो. काढलेलं झुडूप जमिनीवर टाकायचं नाही, नाहीतर पावसात पुन्हा मूळ धरतं. दगडावर किंवा एखाद्या बेचक्यात मुळं वर करून टांगायचं. घाणेरी ओढायची नाही; तिचं मूळ मातीखाली थोडं खोल, जिथून फुटवे येतात त्याच्याही खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. दिल्ली विद्यापीठातल्या प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी घाणेरीसाठी जी पद्धत घालून दिली ती नेमकी हीच. ती मी नंतर वाचली. मामांनी ती कुठे वाचली असण्याचा प्रश्नच नव्हता. जंगलात गुरं राखणाऱ्या गवळी धनगरांकडून आणि स्वतःच्या हातांनी त्यांना ती कळली होती. घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुराची कातडी उन्हात सोलते, नाकाडाचं मांस उघडं पडतं, हेही मला पहिल्यांदा तिथल्या एका गवळी आजींनी सांगितलं. पुस्तकात त्यातलं रसायन होतं. गाईची तडफड नव्हती.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. मामा कधीही गर्दीच्या मध्यातून सुरुवात करत नसत. जिथे जुनं रान शाबूत आहे तिथे पाठ लावायची आणि तिथून बाहेरच्या दिशेने थोडं थोडं सरकायचं. जेवढ्या जागेवर कडेच्या झाडांची सावली पुढच्या दोन वर्षांत पोचेल तेवढीच जागा या वर्षी मोकळी करायची. त्याच्या पुढची रानमोडी डोळ्यांना खुपली तरी राहू द्यायची. मोकळ्या जागेत चांदाडा, शेंद्री, कुंभा असं जे आपोआप येईल त्याला हात लावायचा नाही. नर्सरीतली रोपं आणून लावूया का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बी रानात हाय. त्याला वेळ द्या.”

मला हे फार संथ वाटायचं. माझ्यामागे विद्यार्थी होते, उत्साह होता, आम्ही एका रविवारी एकरभर साफ करू शकत होतो.

अनेक वर्षांनी एका पुस्तकात मला सिडनीच्या दोन बहिणी भेटल्या, जोन आणि आयलीन ब्रॅडली. मॉसमन भागातल्या आपल्या घराजवळच्या जंगलातलं परकं तण त्या १९६० च्या दशकापासून हाताने काढत होत्या. त्यांनी तीन नियम सांगितले होते: चांगल्या रानाकडून खराब रानाकडे जायचं; माती कमीत कमी हलवायची आणि पालापाचोळा परत पसरायचा; आणि किती तण काढायचं हे आपल्या उत्साहाने ठरवायचं नाही, स्थानिक झाडं किती वेगाने परततात त्यावरून ठरवायचं. हे वाचताना मला कणकुंबीकडचा पाऊस ऐकू येत होता. मी ते पान मामांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, “त्यांच्याकडं पण घाणेरी हाय?” आहे, म्हटलं. ऑस्ट्रेलियातही ती मोठी डोकेदुखी आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दोघी बहिणींनीच केलं म्हणता? चांगलं केलं.”

एकदा माझ्या पुतण्याच्या लग्नाला मामा निपाणीला आले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमचा डोंगर दाखवायला नेलं. उतारावर घाणेरीच घाणेरी. मला वाटलं, ते म्हणतील की इथेही काम सुरू करा. त्यांनी काठीने एक जाळी बाजूला केली. आत, काट्यांच्या मधोमध, कडुनिंबाची दोन रोपं उभी होती आणि एक हिवराचं. शेळ्यांना तिथे तोंड घालता येत नव्हतं म्हणून ती वाचली होती. “हे काढू नका,” मामा म्हणाले. “आधी शेरडं आवरा.” भीमगडच्या कडेला जी घाणेरी त्यांनी मूळ तोडून काढायला शिकवली, तिलाच इथे हात लावू नका म्हणाले. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यातलं शेवटचं सोपं उत्तर गेलं. झाडाचं नाव ऐकून निर्णय करता येत नाही. ते उभं कुठे आहे, त्याच्या वर काय आणि खाली काय, हे प्रत्येक वेळी वाकून पाहावं लागतं.

घरी आल्यावर त्यांनी आमची तंबाखू पाहिली. आई तेव्हा होती. दोघं ओसरीवर बसून बंबाखूविषयी बोलत होती. आई सांगत होती, मामा ऐकत होते, आणि मी दाराशी उभी होते. माझे दोन्ही गुरू एका जागी बसलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. आम्ही सीमाभागातली माणसं. १९५६ पासून आमच्याकडे ‘आपला कोण, परका कोण’ हा वाद घराघरात आहे, आणि त्याने माणसं किती दुखावतात हे मी पाहिलं आहे. म्हणून परक्या झाडांविषयी बोलताना मी शब्द जपून वापरते. आमची तंबाखू अमेरिकेतून आली. मिरची, मका, बेळगावची रताळी, सगळी तिकडचीच. त्यांच्याशिवाय आमचं घर चाललं नसतं. बाहेरून येणं हा दोष नाही. मामा एकेका झाडाचं नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि कोकणीत सांगायचे, आणि रानमोडीचा पाला चुरगाळून जखमेवर लावायचेही. त्याने रक्त थांबतं. माझ्या बोटाला कोयता लागला तेव्हा माझ्या बोटालाही त्यांनी तोच लावला. त्यांना त्या झाडाचा राग नव्हता. जुन्या रानाची काळजी होती, एवढंच.

२०११ साली भीमगड अभयारण्य झालं. बारापेडे गुहांमधल्या दुर्मीळ वटवाघळांमुळे या रानाचं नाव अभ्यासकांना १९१३ पासूनच माहीत होतं. आता त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण अभयारण्याच्या आतल्या गावांचा प्रश्न राहिला. पावसाळ्यात वाट बंद होते, आजारी माणसाला उचलून न्यावं लागतं. २०२५ साली तळेवाडीच्या कुटुंबांना स्थलांतराच्या मोबदल्याचे धनादेश देण्यात आले. ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं, दवाखाना आणि शाळा जवळ असाव्यात, यात दुमत नाही. मला भीती आहे ती पुढच्या गोष्टीची. गाव उठलं की शेताच्या, अंगणाच्या, गोठ्याच्या मोकळ्या जागा मागे राहतात. वर आभाळ उघडं. ती जागा आपोआप जंगल होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी आमचा तो शिबिराचा तुकडा दुसऱ्या वर्षी पाहायला हवा होता. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तिथे माणसांनी हाताने काम केलं नाही, तर दोन-तीन दशकं तिथे रानमोडी राहील. आणि ते काम ज्यांना येतं तीच माणसं तिथून चालली आहेत. मला वाटतं, त्यांनाच सन्मानाच्या मजुरीवर या कामाला बोलवावं. दक्षिण कर्नाटकात महादेश्वर डोंगराच्या भागात सोलिगा लोक घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या-टेबलं बनवतात. रानाजवळच्या माणसाला रानाच्या कामातून पोट भरता येतं याचा तो पुरावा आहे. मी हे बैठकांत बोलते. माझ्या बोलण्याला किती वजन आहे ते मला ठाऊक आहे, तरी बोलते, कारण मामांना बैठकांना कधी कुणी बोलावलं नाही.

ते आयुष्यभर रोजंदारीवर राहिले. माझा पगार, माझी पदवी, वर्गात मी जे आत्मविश्वासाने सांगते ते सगळं, त्यांच्या पायांवर उभं आहे. मी त्यांना काय दिलं, असं विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, त्यांना ठाऊक असलेली झाडांची तिन्ही भाषांतली नावं लिहून ठेवावीत. ती वही पुरी होत आली आहे. दुसरी, मुलांना जानेवारीत फुलपाखरं बघायला आणू नये, श्रावणात आणावं.

मामा आता खानापुरात लेकीकडे असतात. गुडघ्यांमुळे रानात जाणं थांबलं आहे. शिबिराच्या त्या तुकड्यावर आम्ही पुढे त्यांच्या पद्धतीने, कडेकडून, काम करत राहिलो. यंदाच्या श्रावणात गेलो तेव्हा जुन्या रानाला लागून असलेल्या भागात चांदाडा घरापेक्षा उंच झाला होता, आणि त्याच्या सावलीत अंजनीची आणि पारजांभळाची रोपं होती. एक सुरंगीचंही आहे, असं मला वाटतं. पानं अजून लहान आहेत. रात्री फोन करून त्यांना सांगितलं.

“वरचं भोक मिटलं काय?” त्यांनी विचारलं.

“अर्धं मिटलंय मामा. रस्त्याकडचं राहिलंय.”

“मग तिथली फुलायच्या आत काढा. आणि चांदाडा कुणी सरपणाला नेत न्हाई ना, ते बघा.”

दिवाळीच्या सुट्टीआधीचा रविवार मुलांना कळवला आहे. गावातल्या दोन बायका आमच्याबरोबर येणार आहेत. चांदाड्याचं त्यांच्याशीच बोलायचं आहे.